बांधाचा खर्च आणि पुराची किंमत
(इयत्ता सातवी : गणित व भूगोल यांचा समवाय)

उद्देश : संकट टाळण्यासाठी करावयाचा खर्च व संकट आल्यावर सोसावी लागणारी हानी यांची तुलना आकड्यांनी करण्यास विद्यार्थ्यांस शिकविणे.

विषयविवेचन : नेदरलँड्स देशाचा सुमारे चौथा भाग समुद्रसपाटीखाली असून तेथील वस्ती व शेती बांधांच्या आधारे टिकून आहे. बांध पुरेसे उंच नाहीत, असा इशारा अभियंता योहान व्हान वेन यांनी आधीच दिला होता. परंतु काम लांबणीवर पडले. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वादळाने समुद्र चढला, बांध फुटले आणि त्या देशात १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर नेमलेल्या डेल्टा आयोगासाठी गणितज्ञ डेव्हिड व्हान डांटझिग यांनी हा प्रश्न गणिताने मांडला. बांध जितका उंच, तितका खर्च अधिक व पुराची अपेक्षित हानी कमी; या दोहोंची बेरीज जेथे सर्वांत कमी, ती उंची योग्य.

फलकावरील उदाहरण : समजा, पुराने १०,००,००० रुपयांची हानी होते व कोणत्याही एका वर्षी पूर येण्याचा संभव शंभरात एक आहे. म्हणजे सरासरी वार्षिक हानी १०,००० रुपये. ४५,००० रुपये खर्चून बांध उंच केल्यास संभव हजारात एक होतो व सरासरी हानी १,००० रुपयांवर येते. वार्षिक बचत ९,००० रुपये; खर्च ५ वर्षांत भरून निघतो. हाच खर्च १८,००,००० रुपये धरल्यास किती वर्षे लागतील, हे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे. २०० वर्षे हे उत्तर आले, की प्रत्येक प्रतिबंध परवडतोच असे नाही, हे त्यांच्या ध्यानी येईल.

शिक्षकांस सूचना : 'शंभरात एक' याचा अर्थ एकदा पूर आल्यावर ९९ वर्षे निर्धास्त राहावे, असा नव्हे, हा गैरसमज आवर्जून दूर करावा. पूर न आलेल्या वर्षी बांधाचा खर्च वाया गेलासा वाटतो, कारण टळलेली हानी कोणाच्याही वहीत मांडली जात नाही. ती मांडावयास शिकविणे हेच या पाठाचे प्रयोजन होय. या हिशेबात केवळ मालमत्ता धरली आहे. गेलेला जीव कोणत्याही रकमेने परत येत नाही, हेही वर्गात स्पष्ट करावे.

स्वाध्याय : कोकणातील शाळांनी खारबांधाचे, इतरांनी कौलारू छपराच्या शाकारणीचे उदाहरण घ्यावे. शाकारणीचा खर्च व ती न केल्यास कुजणाऱ्या वाशांचा खर्च गावातील सुताराकडे विचारून विद्यार्थ्यांनी वहीत समोरासमोर लिहावा.