तीर्थ मस्तकी, शुद्ध पाणी मुखी

वारकरी मायबापहो, ज्येष्ठ वद्यात माउली आणि तुकोबाराय पुण्यास येतात. माउलींची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबारायांची नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात विसावते, तेव्हा शहराच्या पेठा वैष्णवांनी भरून जातात. कुणी शाळेत उतरतो, कुणी वाड्यात, कुणी मंगल कार्यालयात. त्यांत कडेवरची लेकरे असतात, बोट धरून चालणारी असतात, आणि गळ्यात मृदंग अडकवलेली, मिसरूड न फुटलेली पोरेही असतात. या मुलांच्या मुखात जे पाणी जाते, त्याचा विचार आज करायचा आहे. विषय साधा वाटेल. परंतु मोठा माणूस दोन जुलाब झाले तरी उठून चालू लागतो, आणि लहान लेकरू मात्र त्याच दुखण्याने एका दिवसात मान टाकते. त्याच्या एवढ्याशा देहात पाण्याचा साठा तो किती!

पाणी शुद्ध करून घ्यावे हा विचार परका नव्हे, बरे का. सुश्रुतसंहितेत दूषित पाण्यावर उपाय सांगितले आहेत ते असे: अग्नीवर कढवावे, उन्हात तापवावे, तापलेले लोखंड त्यात बुडवावे, आणि निवळीच्या बीने गढूळपणा खाली बसवावा. यात एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. निवळीने पाणी निवळते, म्हणजे डोळ्यांना स्वच्छ दिसते. पण डोळ्यांना न दिसणारे जंतू मरायला अग्नीच लागतो. निवळ पाणी निराळे आणि निर्जंतुक पाणी निराळे. आपली चूक बहुधा इथेच होते. ‘पाणी कसं काचेसारखं आहे हो!’ असे म्हणून आपण तांब्या पोराच्या तोंडाला लावतो.

याचा दाखला दूर शोधायला नको. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गुलेन-बॅरे नावाच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. त्यांत लहान मुलेही होती. या आजारात जंतूंशी लढणारी शरीराची शक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांतले बळ जाते, मग हातांतले, आणि कुणाला श्वासासाठी यंत्र लावावे लागते. अनेकांना आधी जुलाब झाले होते. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जातो. तेव्हा पाणी उकळून प्या, असे पुणेकरांना सांगावे लागले. जुलाब झालेल्या प्रत्येकाला हा आजार होतो असे मुळीच नाही. तो विरळा आहे, आणि उपचाराने बहुतेक जण बरे होतात. पण जुलाबानंतर मुलाचे पाय लटपटू लागले, तर ‘चालून दमलं असेल’ म्हणू नये. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

आता येथे एक शंका येते, आणि ती भाविकाच्या मनातली आहे म्हणून तिचा आदर केला पाहिजे. ‘महाराज, इंद्रायणीचे, चंद्रभागेचे तीर्थ कधी अशुद्ध होते काय? लेकराच्या मुखात दोन थेंब घातले तर काय बिघडले?’

समाधान असे आहे. तीर्थाचे पावित्र्य कुणी हिरावून घेतलेले नाही. पण नदीत मैला आणि कारखान्यांचे सांडपाणी सोडणारी माणसेच आहेत. आळंदीत इंद्रायणीवर फेसाचे थर तरंगताना आपणच पाहिले आहेत ना? ती रसायने पाणी उकळूनही जात नाहीत. मग करावे काय? बुक्का आपण कपाळी लावतो, खात नाही. खात नाही म्हणून बुक्क्यावरची भक्ती उणी झाली काय? तसेच नदीचे तीर्थ मस्तकी लावावे आणि हात जोडावेत. मुलाच्या मुखात ते घालू नये, आणि फेस असेल तेथे मुलांना डुंबू देऊ नये. देवळात चरणतीर्थ द्यायचे तर ते उकळून थंड केलेल्या पाण्याचे करावे. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तीर्थही नको, मधाचे बोटही नको, साधे पाणीही नको. त्याला आईचे दूध हेच सर्व काही.

दिंडीसाठी नियम थोडे आहेत. पाण्याला खळखळून उकळी फुटली की निदान एक मिनिट ती तशीच राहू द्यावी. सरपण नसेल तर क्लोरीनचे औषध बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. हंड्यात हात बुडवू नये, दांड्याच्या ओगराळ्याने पाणी घ्यावे. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. रस्त्यावरचा बर्फ, गोळा, बर्फ घातलेला रस मुलांना देऊ नये; पाणी गोठले म्हणून जंतू मरत नाहीत. वारीला निघण्यापूर्वी बाळाच्या लसी पाहून घ्याव्यात. जुलाबाच्या रोटा विषाणूवरील लस सरकारी दवाखान्यात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना फुकट मिळते.

इतके करूनही जुलाब लागलेच तर? ‘पाणी बंद करा, म्हणजे जुलाब थांबतील,’ हा समज लेकरांचा घात करतो. 1971 साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजले, आणि शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारच्या खाली आले. म्हणून ओआरएसची पुडी प्रत्येक पिशवीत असावी. ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावी. पुडी नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. घोटघोट पाजत राहावे. अंगावरचे दूध आणि अन्न चालू ठेवावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, मूल गुंगीत गेले, पाणी पोटात ठरेना किंवा शौचात रक्त दिसले, तर पुढच्या मुक्कामाची वाट पाहू नये.

आणि हो, वाढत्या पोरांना नुसते ‘हे करू नको, ते करू नको’ म्हणू नका. त्यांना कामाला लावा. टँकर आला की औषध कोण घालणार, ओगराळे कोण सांभाळणार, धाकट्यांचे हात कोण धुणार, ही सेवा त्यांच्याकडे द्या. गाडगेबाबांनी आधी खराटा हाती घेतला आणि मग कीर्तन केले. 1956 साली बाबा गेले, पण तो क्रम अजून मोडलेला नाही. निदान आपण तरी मोडू नये. ज्या दिंडीतील लेकरू पंढरीस हसत पोहोचते, त्या दिंडीची वारी विठोबाच्या चरणी रुजू झाली असे आम्ही समजतो.

॥ रामकृष्णहरि ॥