मोटारगृहांत शय्येपाशीं चार्जिंगची सोय

घर म्हटलें म्हणजे त्यास पाया असावयाचाच, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु पाश्चात्त्य देशांत चाकांवर फिरणारीं घरेंहि बऱ्याच वर्षांपासून प्रचारांत आहेत. इ. स. १८८५ मध्यें गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या एका निवृत्त नौदल-वैद्यानें इंग्लंडांत 'वाँडरर' या नांवाची, घोड्यांनीं ओढावयाची व आंत निजण्याबसण्याची सोय असलेली गाडी मुद्दाम बांधवून घेतली. पुढें घोड्यांची जागा एंजिनानें घेतली. अमेरिकेंत आयोवा राज्यांतील विनेबागो कंपनीनें १९६६ सालीं मोटारगृहें बांधण्यास आरंभ केला, आणि सामान्य कुटुंबासहि स्वयंपाकघर व शय्या बरोबर घेऊन प्रवासास निघणें शक्य झालें. आपल्या महाराष्ट्र शासनानेंहि २०२१ सालीं कॅरव्हॅन-पर्यटनाचें धोरण ठरविलें आहे. तेव्हां हा विषय आपणांस अगदींच परका नाहीं.

जुन्या मोटारगृहांत शय्येजवळ वाचनाचा दिवा असतो, पण भ्रमणध्वनि चार्ज करण्याची जागा नसते. कारण तीं घरें बांधलीं त्या वेळीं असें यंत्र कोणाच्या उशाशीं नव्हतें. आज त्याच यंत्रांत घड्याळाचा गजर आहे, रस्त्याचा नकाशा आहे व संकटसमयीं मदत मागण्याचें साधनहि आहे. निद्रेंत श्वास अडण्याची व्याधि असलेल्या मनुष्यास तर रात्रभर चालणारें श्वसनयंत्र उशाशीं लागतें, व त्यास वीज हवी. ही सोय नसली म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यापासून शय्येपर्यंत लांब दोरी ओढली जाते, आणि रात्रीं उठणाऱ्याचा पाय तींत अडकतो. म्हणून शय्येपाशींच चार्जिंगचा पोर्ट बसवावा, अशी इच्छा होणें साहजिक आहे. हें काम दिसावयास सोपें आहे. परंतु जेथें माणसें दारें लावून गाढ झोंपतात, तेथें भिंतीच्या आंत नवी वीजतार नेणें ही जोखमीची गोष्ट होय. ती जोखीम कोठें आहे व ती कशी टाळावी, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथमतः मोटारगृहांतील वीज कोठून येते तें पाहूं. अशा गाडींत बहुधा दोन बॅटऱ्या असतात. एक एंजिन सुरू करण्यासाठीं व दुसरी घरांतील दिवे, पंप व पंखे यांसाठीं. नवी तार नेहमीं दुसरीपासूनच घ्यावी. नाहीं तर रात्रभर भ्रमणध्वनि चार्ज होतील खरे, पण सकाळीं एखाद्या निर्जन घाटांत एंजिन सुरू होणार नाहीं. शिशाच्या बॅटरींत सहा घट असतात व प्रत्येकाचा दाब सुमारें २.१ व्होल्ट असतो. म्हणून भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट भरतो. हा प्रवाह एकाच दिशेनें वाहणारा, म्हणजे डी.सी. असतो. तळावरील खांबापासून मिळणारी वीज मात्र दिशा बदलणारी, म्हणजे ए.सी. असते, तिचा दाब युरोपांत २३० व्होल्ट व अमेरिकेंत १२० व्होल्ट असतो. ही दुसरी वीज प्राणघातक असल्यामुळें तिचें काम अधिकृत वीजतंत्र्याकडेच सोंपवावें. आमचें विवेचन केवळ १२ व्होल्टांच्या विजेपुरतें आहे.

येथें कोणी विचारील कीं, इन्व्हर्टर लावून घरच्यासारखा चार्जर कां वापरूं नये? वापरतां येतो, पण त्यांत व्यर्थ खर्च आहे. इन्व्हर्टर १२ व्होल्टांची वीज वाढवून ए.सी. करतो, आणि चार्जर लगेच ती पुन्हा उतरवून डी.सी. करतो. विहिरीचें पाणी गच्चीवर चढवून पुन्हा अंगणांतील हौदांत सोडावें, तसा हा प्रकार आहे. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी तो सुमारें एक अँपिअर प्रवाह खाऊं शकतो. म्हणजे आठ तासांच्या रात्रींत आठ अँपिअर-तास कांहीं काम न होतां गेले. याच्या उलट, यूएसबी पोर्टाच्या डबींत एक लहानसा कन्व्हर्टर असतो. तो १२ व्होल्टांचे थेट ५ व्होल्ट करतो, व शीघ्र भरणाच्या पद्धतींत यंत्राच्या मागणीप्रमाणें ९, १५ किंवा २० व्होल्टहि देतो. युरोपीय संघानें २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या भ्रमणध्वनींस यूएसबी-सी हें एकच तोंड सक्तीचें केल्यामुळें, पोर्ट निवडतांना त्या जातीचा एक तरी असावा हें उघड आहे.

आतां खर्चाचा हिशेब करूं. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या भ्रमणध्वनींत सुमारें १९ वॅट-तास शक्ति मावते. वाटेंतील घट धरून बॅटरींतून २४ वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टांवर दोन अँपिअर-तास जातात. चार माणसांचे आठ अँपिअर-तास झाले. शंभर अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरींतून तिच्या आयुष्याच्या दृष्टीनें निम्म्याहून अधिक काढूं नये. तरी हा खर्च तिला सहज सोसण्यासारखा आहे. रिकामा इन्व्हर्टर रात्रभरांत जेवढें खातो, तेवढ्यांत चार भ्रमणध्वनि भरतात, हें येथें ध्यानांत येईल.

शक्ति पुरेशी आहे असें ठरल्यावर खरा प्रश्न उभा राहतो, तो तारेचा. शय्येजवळ दिवा असतोच, मग त्याच्याच तारेंतून फांटा काढला तर काय बिघडलें? हा मोह बहुतेकांस होतो. पण दिव्याची तार दिव्यापुरतीच असते. नव्या एलईडी दिव्यास अत्यल्प प्रवाह लागतो, म्हणून बांधणारानें तेथें बारीक तार घातलेली असते. तीवर चार्जिंगचा भार टाकणें म्हणजे पाऊलवाटेवरून बैलगाडी हांकणें होय.

गेऑर्ग ओहम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम आपण वर्गांत शिकतों: तारेंत जितका दाब खर्च होतो, तो प्रवाह व रोध यांच्या गुणाकाराइतका असतो. तो येथें लावूं. बॅटरीपासून शय्या पांच मीटरांवर आहे असें समजा. प्रवाह जावयाचा व परतावयाचा, म्हणून तारेची लांबी दहा मीटर झाली. एका शय्येच्या पोर्टांचा सर्वाधिक भार ६० वॅट, म्हणजे पांच अँपिअर धरूं. ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीच्या दहा मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारें ०.२३ ओहम असतो. यास पांचानें गुणिलें असतां १.१५ व्होल्ट येतात. म्हणजे बाराव्या हिश्शाहून अधिक दाब वाटेंतच नाहींसा झाला. हीच तार २.५ चौरस मिलिमीटरांची घेतली तर रोध ०.०६९ ओहम होतो व घट अवघी ०.३५ व्होल्ट राहते. ही घट शेंकडा तीनच्या आंत असावी, असा या कामांतील उत्तम प्रघात आहे. दुसरी तार त्या कसोटीस उतरते, पहिली उतरत नाहीं.

परंतु दाबाची घट हा केवळ गैरसोयीचा भाग झाला. जिवाचा प्रश्न पुढेंच आहे. गाडी चालतांना सर्व घर हादरत असतें. एखाद्या धातूच्या कडेवर तारेचें आवरण घांसून फाटलें व दोन्ही तारा एकमेकींस चिकटल्या, तर काय होईल? वरील बारीक तारेचा रोध ०.२३ ओहम आहे. बारास त्यानें भागिलें असतां ५२ अँपिअर येतात. एवढा प्रवाह देणें बॅटरीस मुळींच अवघड नाहीं. जूल यानें दाखविलें कीं, तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. त्या हिशेबानें या तारेंत सहाशें वॅटांहून अधिक उष्णता उत्पन्न होईल. साधारण पीव्हीसीचें आवरण ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठीं केलेलें असतें. ती मर्यादा दोन-तीन सेकंदांतच ओलांडली जाईल. आणि ही तार कोठें आहे? लांकडी पट्ट्या व फोम भरलेल्या भिंतींत, निजलेल्या माणसाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर.

या संकटावर उपाय एकच, व तो अगदीं स्वस्त आहे. तो म्हणजे फ्यूज. फ्यूजविषयीं एक गैरसमज फार पसरलेला आहे. फ्यूज हा भ्रमणध्वनीचें रक्षण करण्यासाठीं असतो, असें लोकांस वाटतें. वस्तुतः तो तारेचें रक्षण करतो. म्हणून त्याची जागा पोर्टाजवळ नव्हे, तर उगमाजवळ, म्हणजे बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आंत असावी, किंवा नवी तार गाडींतील फ्यूजपेटींतील मोकळ्या जागेंतून घ्यावी. फ्यूज पोर्टापाशीं बसविला तर मधली पांच मीटर तार निराधार राहते. आमच्या उदाहरणांत भार पांच अँपिअरांचा व तार २.५ चौरस मिलिमीटरांची आहे. तेथें साडेसात अँपिअरांचा, तपकिरी रंगाचा पातीचा फ्यूज योग्य होईल. नेहमींचा भार त्यांतून सुखानें जाईल, आणि अपघातीं प्रवाह वाढतांच तार तापण्यापूर्वीं फ्यूज स्वतः वितळून मार्ग बंद करील.

पुढें कधीं हा फ्यूज पुनःपुन्हा जळूं लागला, तर 'मोठा घाला म्हणजे झालें' असें सांगणारे भेटतात. मोठा फ्यूज घातल्यानें तार जाड होत नाहीं. चोर आला म्हणून भुंकणाऱ्या कुत्र्याचें तोंड बांधण्यासारखें तें आहे. फ्यूज जळतो तेव्हां तो कांहीं सांगत असतो. त्याचें कारण शोधलेंच पाहिजे.

आतां प्रत्यक्ष कामाचा क्रम सांगतों.

(१) तळावरील विजेची जोडणी, सौरपट्टी व बॅटरी हीं सर्व तोडून ठेवावीं. गॅसची टांकीहि बंद करावी. कारण भिंतींत व कपाटांखालीं गॅसची नळी असूं शकते.

(२) दृष्टीआड सृष्टि असते. म्हणून भोंक पाडण्यापूर्वीं भिंतीच्या मागें काय आहे तें कपाट, फळी वा जुना दिवा काढून पाहावें. शक्य तर बाहेरच्या भिंतीस हात न लावतां शय्येच्या पेटीच्या अथवा कपाटाच्या फळींतच पोर्ट बसवावा. म्हणजे पावसाचें पाणी आंत शिरण्याची भीति राहत नाहीं.

(३) तार अनेक बारीक तंतूंची घ्यावी. घरांतील एकपदरी ताठ तार हादऱ्यांनीं कालांतरानें तुटते. जेथें ती फळींतून जाईल तेथें रबरी कडें बसवावें व थोड्या थोड्या अंतरावर तिला पट्टीनें आवळावें.

(४) सांधे नुसते पिळून चिकटपट्टी गुंडाळूं नये. योग्य मापाचे लग हत्यारानें दाबून बसवावेत. धन तार लाल व ऋण तार काळी ठेवावी. ही अदलाबदल झाली तर कन्व्हर्टर तत्काळ निकामी होण्याचा संभव असतो.

(५) फ्यूज सर्वांत शेवटीं घालावा. त्यापूर्वीं मल्टिमीटरनें दोन्ही तारा एकमेकींस कोठें भिडत नाहींत ना, हें तपासावें. फ्यूज घातल्यावर पूर्ण भार देऊन बॅटरीपाशीं व पोर्टापाशीं दाब मोजावा. अर्ध्या तासानें प्रत्येक सांध्यास हात लावून पाहावा. एखादा चटका देण्याइतका तापला असल्यास तो पुन्हा करावा.

पोर्टाची जागा ठरवितांनाहि विवेक हवा. तो उशीच्या पातळीहून थोडा वर व बाजूस असावा, म्हणजे पांघरूण त्यावर पडणार नाहीं. जवळ एक लहान फळी किंवा खिसा असावा, कारण चार्ज होणारा भ्रमणध्वनि उशीखालीं ठेवणें धोक्याचें आहे. त्यांतील लिथियम-आयन घटांत ज्वालाग्राही द्रव असतो, व कोंडलेली उष्णता त्यास मानवत नाहीं. पोर्टावरील निळा दिवा काळोखांत डोळ्यांवर येतो. म्हणून झांकण असलेली जात घ्यावी. श्वसनयंत्रासाठीं यूएसबीवर विसंबूं नये. त्याच्या मागणीप्रमाणें वेगळी तार व वेगळा फ्यूज द्यावा, आणि यंत्राच्या निर्मात्यानेंच सांगितलेला डी.सी. जोड वापरावा.

शेवटची गोष्ट कळीची. पोर्टांस वीज तोडण्याचें बटण अवश्य असावें. रिकामा पोर्टहि आपल्या दिव्यासाठीं व कन्व्हर्टरसाठीं थोडा प्रवाह घेतच असतो. तो प्रत्येकीं वीस मिलिअँपिअर धरला, तर चार पोर्टांचे दिवसास जवळजवळ दोन अँपिअर-तास होतात, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर ५८. थेंबें थेंबें तळें सांचतें, तसेंच तें थेंबें थेंबें आटतेंहि. हिंवाळाभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी वसंतांत मृत आढळते, तिचें एक कारण हें असतें.

विद्यार्थिमित्रहो, ओहमचा नियम परीक्षेच्या कागदावर लिहितांना तो कोरडा वाटतो. परंतु त्याच तीन अक्षरांच्या गुणाकार-भागाकारावर एका निजलेल्या कुटुंबाची सुरक्षितता अवलंबून असूं शकते, हें वरील विवेचनावरून दिसून येईल. पोर्ट बाजारांत विकत मिळतो. योग्य तार व योग्य फ्यूज कोणता, तें मात्र आपल्यालाच गणित करून ठरवावें लागतें. जो आधीं हिशेब करतो व मग भोंक पाडतो, त्याच्या घरांतील माणसें निश्चिंत झोंपतात.