वर्गातला गोंगाट

शाळेजवळून जाताना कधी गोंगाट ऐकू येतो. तुम्ही म्हणता, "गुरुजी करतात तरी काय? द्याव्यात दोन छड्या!" पण जरा आत डोकावून बघा. लहान गावात पुष्कळदा गुरुजी दोन आणि वर्ग चार. गुरुजी पहिलीला अक्षरे शिकवतात. तेवढा वेळ दुसरीची मुले रिकामी. रिकामी पोरे खोड्या काढणारच. म्हणून जाणते गुरुजी दुसरीला आधी पाटीवर पाच गणिते घालतात, मग पहिलीकडे वळतात. फार खोडकर मुलाला पाट्या वाटायचे काम देतात. काम हाती आले की त्याच्या खोड्या कमी होतात.

काही मुले तर वांड नसतातच. त्यांची अडचण वेगळी असते. एकाला फळ्यावरचे नीट दिसत नाही. तो शेजाऱ्याच्या पाटीत बघतो, आणि भांडण जुंपते. एकाला कमी ऐकू येते. एकजण सकाळी उपाशीच येतो. दुपारी शाळेत जेवण मिळते हे खरे, पण तोवर त्याचे लक्ष पोटाकडे. एक मुलगी वजाबाकीत मागे राहिली, तिला पुढचे काहीच उमगेना. न समजणारा धडा तासभर ऐकून बघा, तुम्हीसुद्धा चुळबुळ कराल! यातले कोणते दुखणे छडीने बरे होईल?

पूर्वी बाप म्हणे, "गुरुजी, हवे तर मारा, पण शिकवा." माराने मूल गप्प बसे. पण गप्प बसणे म्हणजे शिकणे नव्हे. कितीक पोरे भिऊन रानात पळाली, ती पुन्हा शाळेत आलीच नाहीत. आता कायदाच आहे. २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला त्यात बंदी आहे.

घरची एक सवय मात्र आपणच मोडायची. पोर जेवत नाही, की आई म्हणते, "थांब, गुरुजींना सांगते!" झाला गुरुजींचा बागुलबुवा. मग अडलेले गणित ते पोर गुरुजींना विचारील कसे? त्यापेक्षा संध्याकाळी जवळ घेऊन विचारा, "आज काय समजले नाही, बाळ?" ते गुरुजींच्या कानावर घाला. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत चारांतले तीन सभासद तरी पालक असतात, आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तिच्या सभेला जा. मुलांचे डोळे तपासायचे राहिले असतील, तर तो विषय तिथेच काढा.