मूल सांभाळणाऱ्या मावशींचा जादा तास



आपल्या धर्मग्रामातील अनेक माता रोज लोकलने मुंबईला नोकरीसाठी जातात. घरी सासू-सासरे थकलेले असतात, पाळणाघर परवडत नाही किंवा दूर पडते. मग शाळा सुटल्यानंतरच्या चार-पाच तासांसाठी जवळच्या वस्तीतील एखादी मावशी ठेवली जाते. या व्यवस्थेवर दोन्ही घरांची चूल चालते. परंतु याच व्यवस्थेतून निघणारी गाऱ्हाणीही आमच्या कानी येतात, कधी घरमालकिणीकडून, तर कधी मावशीकडून. भांडण ठरलेल्या पगारावरून क्वचितच होते. ते होते जादा वेळेवरून. म्हणून आज हा विषय आपण ख्रिस्ती न्यायाच्या दृष्टीने अभ्यासू या.

पुढील उदाहरण कोणा एका घराचे नाही. समजा, मावशी आठवड्याचे सहा दिवस दुपारी दोन ते सहा येतात आणि महिन्याला ५,२०० रुपये ठरले आहेत. २६ दिवसांचे १०४ तास, म्हणजे तासाला ५० रुपये. आता मुलाची आई सहाऐवजी साडेसहाला घरी पोचू लागते. कधी गाडी रखडते, कधी साहेब निघताना काम हातात देतात, कधी स्टेशनबाहेर भाजी घ्यायची असते. अर्ध्या तासाचे काय एवढे, असे वाटते. पण महिन्याचे १३ तास होतात, ६५० रुपये होतात. वर्षाचे ७,८०० रुपये, म्हणजे दीड महिन्याचा पगार. शिवाय सव्वासहाला मावशींना दुसऱ्या घरची भांडी असतात आणि त्यांचे स्वतःचे लेकरू शेजाऱ्यांच्या ओट्यावर वाट पाहत असते. त्या अर्ध्या तासाची किंमत त्यांच्या घरी ५० रुपयांच्या हिशेबाने मोजली जात नाही.

मावशींनी पैसे मागितले की काही ठराविक उत्तरे दिली जातात. ‘बाळ तर झोपलेलेच होते, काम काय होते?’ हे त्यांतले पहिले. इमारतीच्या वॉचमनला आपण असे विचारतो का? रात्री चोर आला नाही म्हणून त्याचा पगार कापत नाही. मूल झोपले असले तरी मावशी उठून आपल्या घरी जाऊ शकत नाहीत. तो वेळ त्यांचा उरलेला नसतो, आणि आपण मोबदला देतो तो याच गोष्टीचा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी २०११ साली केलेल्या १८९ व्या करारातही हाच विचार आहे. घरच्यांच्या हुकमतीत थांबून काढलेला वेळ, देशाच्या कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत, कामाचा वेळ धरावा असे तो सांगतो.

दुसरे उत्तर असते, ‘गाडी लेट झाली, त्यात आमचा काय दोष?’ दोष नाही हे खरे. पण दोष मावशींचाही नाही. मग तोटा कोणी सोसावा? न्यायाचा साधा विचार असा की ज्याच्या गरजेसाठी तो वेळ वापरला गेला, त्याच्याकडे त्याचा भार जातो. नोकरी आपली, प्रवास आपला, मूलही आपले. म्हणून उशिराचा भारही आपला.

‘मागच्या आठवड्यात दोन दिवस लवकर सोडले होते’ हे उत्तर मात्र नीट तपासावे लागते. मावशींनी स्वतः सुट्टी मागितली असेल, तर तो वेळ जादा वेळेत वळता करणे रास्त आहे. पण आपल्याला पाहुण्यांकडे जायचे होते म्हणून त्यांना घरी पाठवले असेल, तर तो वेळ त्यांनी आपल्यासाठी राखून ठेवलेला होता. तो वजा करता येत नाही.

चहा, जेवण, जुने कपडे, नाताळचा केक या गोष्टी पगारात धरण्याची सवय तर फारच पसरली आहे. इथे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेची शिकवण ध्यानात घ्यावी. प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी १९६५ साली काढलेल्या आदेशात परिषद बजावते की आधी न्यायाचे देणे पूर्ण करावे. जे न्यायाने द्यायचेच आहे ते दानधर्म म्हणून देऊ नये. केक द्या, जरूर द्या. पण ६५० रुपये देऊन झाल्यावर द्या.

‘तिने मान्य केले होते ना?’ असाही प्रश्न येतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात याचे उत्तर दिले आहे. गरजेपोटी दिलेला होकार वेतनाला न्याय्य ठरवायला पुरेसा नसतो. ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीतही (परिच्छेद २४३४) हेच आहे. काहीजण द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला पुढे करतात (मत्तय २०:१-१६) आणि म्हणतात, ‘मालकाने ठरले तेवढेच दिले.’ तो दाखला पुन्हा एकदा वाचावा. त्या मालकाने ठरलेल्यापेक्षा कमी कोणालाच दिले नाही, काहींना जास्त दिले, आणि त्याच संध्याकाळी दिले. अनुवादाचे पुस्तकही (२४:१४-१५) गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यायला सांगते, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो.

आता दुसरी बाजू. मूल ठेवून नोकरीला जाणारी आई काही श्रीमंत नसते. कित्येकींचा अर्धा पगार घराच्या हप्त्यात जातो, आणि त्यांच्या ऑफिसात त्यांना जादा वेळेचे कोणी देत नाही. काही मावशी वीस मिनिटांचा एक तास लावतात, स्वतः उशिरा आल्या तर ते मात्र विसरतात. न्याय दोघींना सारखाच लागू आहे. परवडत नसेल तर तसे उघड सांगावे, वेळ कमी करून घ्यावा, शेजारच्या दोन घरांनी मिळून मावशी ठेवावी. आणि मुलाच्या बाबांनी आठवड्यातून दोन दिवस लवकर यायला काय हरकत आहे? हा सगळा हिशेब आईच्याच डोक्यावर का असतो, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.

बोलणी दारात चप्पल घालताना करू नयेत, मुलासमोर तर मुळीच नको. शनिवारी चहा घेऊन दहा मिनिटे बसावे. जादा तासाचा दर आधीच ठरवावा. १९४८ च्या कारखाने कायद्याने जादा तासाला दुप्पट दर घालून दिला होता. घरकामाला तो लागू नव्हता, तरी निदान दीडपट द्यावा असे आम्हाला वाटते. दहा मिनिटांपर्यंतची सूट दोन्ही बाजूंनी ठेवावी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर येण्याजाण्याची वेळ रोज लिहावी, मावशींना लिहिता येत नसेल तर वाचून दाखवावी, आणि हिशेब आठवड्याला मिटवावा. महिनाभर साठलेला वाद दोघींच्या आठवणींवर चालतो, आणि आठवणी कधीच जुळत नाहीत. उशीर होणार असेल तर फोन करावा, म्हणजे निदान त्या दुसऱ्या घरी कळवू शकतात.

कोणाकडे जुना हिशेब थकला असेल, तर प्रायश्चित्त संस्कारात तो सांगून भागत नाही. मजुराचे बुडवलेले परत करावे लागते, आणि ते दानपेटीत टाकूनही फिटत नाही. मावशी काम सोडून गेल्या असतील तर त्यांच्या वस्तीत चौकशी करावी आणि पैसे त्यांच्याच हाती द्यावेत. खूप शोधूनही त्या सापडल्या नाहीत, तरच ती रक्कम गरिबांना द्यावी.

तुमचे धर्मगुरू