प्रवेशाचा अर्ज आणि तिघांची कामे

कर्नाटकात अभियांत्रिकीच्या सरकारी कोट्यातील जागा सामायिक प्रवेश परीक्षेवरून भरतात. विद्यार्थ्याने महाविद्यालय व शाखा यांचे पर्याय पसंतीच्या क्रमाने भरावयाचे. गुणानुक्रमाने पाळी आली की, त्याच्या यादीतील जो पर्याय प्रथम मोकळा सापडेल तोच त्याच्या पदरी पडतो. म्हणून हा क्रम म्हणजेच खरा अर्ज होय.

माझ्या नातवाचा क्रम मी लिहिला. घराजवळचे महाविद्यालय वर घातले, त्याच्या आवडीची शाखा खाली गेली. जागा मिळाली, पण मुलगा वर्षभर घरात मोकळेपणी बोलला नाही. चूक माझी होती.

आपल्या अडतीवर माल शेतकऱ्याचा, भाव खरेदीदाराचा व तोल अडत्याचा. कोणी कोणाचे काम उचलीत नाही. येथेही तसेच असावे. क्रम विद्यार्थ्याने स्वतः लिहावा. पालकांनी किती खर्च झेपेल ते आरंभीच स्पष्ट सांगावे व उत्पन्नाचे, जातीचे दाखले मुदतीपूर्वी काढावेत. मार्गदर्शक शिक्षकाने नियम समजावावेत, गुणांच्या मानाने आशा कोठवर धरावी ते सांगावे. निवड मात्र करू नये. प्रत्यक्ष वाटपापूर्वी नमुना वाटप जाहीर होते व त्यानंतर क्रम बदलता येतो. त्या दिवशी तिघांनी एकत्र बसावे. व्यापारी बंधूंनी पुढील प्रवेशाच्या वेळी एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती.