जुनी वीट, नवे घर

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भदन्त आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली असतील त्यांना ती देऊ, असे आनंदांनी सांगितले. जीर्ण चीवरांची अंथरणे होतील, पुढे पायपुसणी आणि फडकी होतील. अखेरीस ती फडकी चिखलात मळून जमीन लिंपली जाईल.

तरीही ‘टाकाऊ’ हा शब्द आपल्या समाजाला बोचतो. त्यास इतिहास कारण आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना प्रेतांची वस्त्रे व फुटकी भांडी नेमून दिली होती. 25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तो ग्रंथ जाळण्यात आला. म्हणून कोरे करकरीत सिमेंटचे घर आपणांस स्वाभिमानाची खूण वाटते, हे स्वाभाविकच आहे. परंतु लादलेले जुने आणि विचारपूर्वक निवडलेले जुने यांत मूलभूत अंतर आहे.

जन्माने ब्रिटिश व पुढे भारतीय नागरिक झालेले वास्तुविशारद लॉरी बेकर (1917–2007) यांनी केरळात अशी निवड करून घरे बांधली. पाडलेल्या घरांची दारे, खिडक्या व लाकूड ते पुन्हा वापरीत. त्यांच्या भिंतींत विटा कडेवर उभ्या रचलेल्या असत. त्यामुळे भिंतीच्या आत पोकळी राहते, सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात आणि कोंडलेल्या हवेमुळे उन्हाची धग आत कमी पोहोचते. स्लॅबच्या खालच्या भागातील ताण मुख्यतः लोखंडी सळ्या पेलतात. म्हणून सळ्यांमधील जागेत ते जुनी मंगलोरी कौले बसवीत. त्याने काँक्रीट वाचते, छताचे वजन घटते आणि घर थंड राहते.

अर्थात, जुने ते सारेच ग्राह्य नव्हे. दोन विटा एकमेकींवर आपटल्यास खणखणीत नाद यावा. लाकडास वाळवी लागलेली नसावी. गंजलेल्या सळ्या स्लॅबमध्ये घालू नयेत आणि स्लॅबची आखणी जाणकार अभियंत्याकडूनच करून घ्यावी. पारखल्याविना काहीही न स्वीकारणे, हीच तर तथागतांची शिकवण आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरी नवे बांधकाम निघेल तेव्हा जुनी कौले, दारे भंगारात जाण्यापूर्वी आईवडिलांशी याविषयी अवश्य बोला. घराची प्रतिष्ठा सिमेंटच्या गोण्यांवरून मोजायची नसते. जे छप्पर वैशाखातही आपल्या माणसांना सुखाने झोपू देते आणि डोक्यावर कर्ज ठेवत नाही, ते प्रतिष्ठेचे.