माउंट व्हर्नन : एका वाड्याचा दिवस, दोन बाजूंनी



"जुन्या काळी लोक कसे राहायचे?" हा प्रश्न वर्गात आला की आपण मुलांना वाडा, ओसरी, खळं, बलुतेदार सांगतो. यंदा पाचवीला मी थोडा लांबचा वाडा निवडला. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा माउंट व्हर्नन. व्हर्जिनियात, पोटोमॅक नदीच्या काठी. तुम्हालाही हा पाठ घेता येईल, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी शेत दाखवा

वॉशिंग्टन यांच्या शेवटच्या काळात ही मालमत्ता सुमारे ८,००० एकर होती. तिचे पाच भाग, म्हणजे पाच शेतंच. आधी तंबाखू व्हायची, पण तंबाखूने जमिनीचा कस जातो. म्हणून १७६० च्या दशकात ते गव्हाकडे वळले. पिकांची फेरपालट, खत, खेचरांची पैदास असे प्रयोग त्यांनी केले. नदीत मासेमारी होती, पिठाची गिरणी होती.

मुलांना सगळ्यात आवडलं ते सोळा बाजूंचं मळणीघर. आपल्याकडे खळ्यावर बैलांची पात धरतात ना, तसं तिथे घोडे वरच्या मजल्यावर गोल फिरत. फळ्यांमधल्या फटींतून दाणे खालच्या मजल्यावर पडत. पाऊस आला तरी धान्य भिजत नसे. हे चित्र फळ्यावर काढाच.

मग दिवस मांडा

फळ्याचे दोन भाग करा.

डावीकडे : मालक सूर्योदयाआधी उठतात. मक्याच्या पिठाच्या जाडसर पोळ्या, लोणी आणि मध अशी न्याहारी. मग घोड्यावरून शेतांची फेरी.

एवढं लिहून मी थांबले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग पोळ्या कोण भाजायचं?"

या एका प्रश्नासाठीच हा पाठ घ्यावा असं मला वाटतं.

उजवीकडे : १७९९ साली तिथे ३१७ माणसं गुलामीत होती. आठवड्याचे सहा दिवस, उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. खायला मुख्यतः मक्याचं पीठ आणि खारवलेले मासे. शेतात राबणाऱ्यांत बायका जास्त होत्या. मुलं साधारण अकरा ते चौदा वर्षांची झाली की कामाला लागत. हे सांगितल्यावर वर्ग शांत झाला. त्यातली निम्मी मुलं अकरा वर्षांचीच आहेत.

हर्क्युलिसची मुलगी

वॉशिंग्टन यांचा नावाजलेला स्वयंपाकी हर्क्युलिस हा गुलाम होता. १७९७ च्या फेब्रुवारीत तो पळून गेला. त्याची सहा वर्षांची मुलगी मागे राहिली. काही दिवसांनी आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने तिला विचारलं, बाबा परत दिसणार नाहीत याचं वाईट वाटत असेल ना? ती म्हणाली, मला आनंद झालाय, कारण आता ते स्वतंत्र आहेत.

इथे काहीही समजावून सांगू नका. मुलांना जरा वेळ द्या.

गणित आणि प्रश्न

वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या १२३ जणांना मुक्त करायचं लिहिलं. १ जानेवारी १८०१ ला ते मुक्त झाले. ३१७ वजा १२३ किती? १९४. यातले बहुतेक त्यांच्या पत्नीच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेतले होते. कायद्याने ते वारसांकडे गेले. कुणाचा नवरा सुटला, बायको-मुलं अडकली.

मुलांना विचारा : चांगला शेतकरी, मोठा नेता आणि माणसांचा मालक, एकाच माणसात हे तिन्ही असू शकतं का? उत्तर एकच यायला हवं असा आग्रह नको.

आपल्याशी नातं

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ ला कायद्याने संपली. त्यानंतर १८७३ साली महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. म्हणजे तो वाडा तितकासा लांबचा नाही.

घरचा अभ्यास (पालकांसाठीही) : पुढच्या वेळी एखादा वाडा किंवा किल्ला बघायला जाल, तेव्हा मुलांना एवढंच विचारा, "इथे पाणी कोण भरत असेल?"

वर्गात काय उत्तरं आली ते मला जरूर कळवा.